चित्र कोणाचे?

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. तेव्हा चित्रकलेवर लिहिण्याचा माझा अधिकार तो काय! तरी लिहिते.

चित्राचे सत्त्व त्याच्या सपाटपणात आहे, असे क्लेमंट ग्रीनबर्ग यांनी १९६० च्या सुमारास मांडले. नागपुरात १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त नव्हे, वस्तुनिरपेक्ष म्हणत. म्हणजे पाहणाऱ्याने त्यांत वस्तू शोधूच नये. ग्रंथालयातील पुस्तकातून त्यांचे एक चित्र मी आईला दाखवले. ती म्हणाली, “वावरातली धुई आहे न ही.” आधुनिकतावादी तिला चूक ठरवील. उलट, १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू जाहीर करणाऱ्या रोलाँ बार्थच्या वाटेने जाणारा उत्तर-आधुनिकतावादी म्हणेल, अर्थ पाहणाऱ्याचाच. मला हे दुसरे मत सोयीचे वाटले. त्यात आई शहाणी ठरते.

मग अतुल डोडिया यांचे ‘महालक्ष्मी’ (२००२) दाखवले. दुकानाच्या शटरवर देवी. शटर वर केले की मागे हुंड्यापायी गळफास घेतलेल्या बहिणी. पाहणाऱ्यावाचून हे चित्र पुरे होत नाही, हे खरे. पण अर्थ काही आईच्या मर्जीवर राहिला नाही. आमच्याकडे सध्या ताईच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. आईने पुस्तक मिटले आणि हळूच विचारले, “तुह्या ताईनं पाह्यलं काय हे?”