तान्हा पोळा, मारबत आणि सोसायटीतलं हॅलोविन



आजचे वाचन: १ करिंथ १०:२३-३३, मार्क ७:१४-२३, इब्री १३:११-१३

परवा रात्री पुण्याहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, सोसायटीत ३१ तारखेला हॅलोविन आहे. मुलं भुताखेतांचे कपडे घालून दारोदार फिरणार, चॉकलेटं गोळा करणार. बाळ म्हणतो मलाही जायचंय. ही म्हणते अजिबात नाही, हा सैतानाचा सण आहे. मला तर त्यात काही वाटत नाही. तू सांग, काय करू?"

मी हसले. त्याला म्हटलं, "अरे, हा प्रश्न आपल्या घरात तुझ्या जन्माच्या आधी येऊन गेलाय. फक्त तेव्हा त्याचं नाव हॅलोविन नव्हतं."

गोंदिया, भंडारा, नागपूरकडच्या वाचकांना लगेच कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे श्रावणातल्या अमावास्येला पोळा असतो. रोवणी आटोपलेली असते, बैलांना आराम असतो. दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी होतात. सकाळी मारबत निघते. कुठे बाईच्या आकाराचा पुतळा, कुठे नुसत्या पळसाच्या डहाळ्या, ज्यांना आमच्याकडे मेढे म्हणतात. ईडापिडा, खोकला, रोगराई सगळं घेऊन जा, असं मारबतीला ओरडून सांगत तिला वेशीबाहेर नेतात आणि तिथे जाळतात किंवा टाकून देतात. नागपूरची काळी आणि पिवळी मारबत तर प्रसिद्धच आहे. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. त्यांच्यासोबत बडगेही निघतात आणि त्यांच्यातून महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला जातो.

आणि दुपारनंतर तान्हा पोळा. लहान मुलं नटूनथटून, वेगवेगळ्या वेशभूषा करून, आपापला लाकडी नंदी ओढत घरोघरी जातात. बाया नंदीची पूजा करतात, मुलाला टिळा लावतात आणि हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात. त्याला म्हणतात बोजारा.

म्हणजे बघा, एकाच दिवशी वाईटाला पळवून लावायचं आणि मुलांनी वेश करून दारोदार खाऊ मागायचा. मग अमेरिकेतून आलेलं हॅलोविन आम्हा गोंदियावाल्यांना कितीसं नवीन?

मी आठ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. बाबांचा बाप्तिस्मा होऊन दोन वर्षं झाली होती. आजीने मात्र बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. तिने बाजारातून माझ्यासाठी छोटासा लाकडी नंदी आणला होता. लाल चाकं, शिंगांना बेगड. मी तो रात्री उशाशी घेऊन झोपले.

सकाळी मी घरी न सांगता मैत्रिणींबरोबर मारबत पाहायला पळाले. सगळे ओरडत होते, मीही ओरडत होते. खोकला, ताप, डास, जे सुचेल ते. मग पुढच्या एका पोराने आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बुढीचं नाव घेतलं. एकटी विधवा बाई. कुणाचं लेकरू आजारी पडलं, कुणाची गाय आटली, की तिच्याकडे बोट जायचं. करणी करते म्हणायचे. तिचं नाव घेताच सगळे हसले आणि पुढची आरोळी तिच्याच नावाने गेली. त्या आरोळीत माझाही आवाज होता. आम्ही तिच्या घरावरूनच गेलो. दार बंद होतं.

दुपारी मी नवीन फ्रॉक घालून, नंदीला दोरी बांधून तयार झाले. बाबांनी दोरी हातातून घेतली आणि नंदी उचलून माळ्यावर ठेवला. "आपण आता हे करत नाही." मी आकांत केला. आजी चिडली, "लेकराले काहून रडवता? लाकडाचा तं बैल आहे." बाबा काही बोलले नाहीत.

इथे थोडं थांबून वचनाकडे जाऊ या, कारण बाबा काही चुकीचं करत नव्हते. करिंथच्या मंडळीतले पुष्कळ जण मूर्तिपूजा सोडून आलेले होते. बाजारात मिळणारं मांस पुष्कळदा देवळातूनच आलेलं असे. मग ते खायचं की नाही? पौलाला हा प्रश्न विचारला गेला, आणि त्याचं उत्तर एका शब्दाचं नाही. आठव्या अध्यायापासून दहाव्याच्या शेवटापर्यंत तो त्याच्यावरच बोलतो. देवळातल्या पंगतीला बसायला तो मनाई करतो. प्रभूचं मेज आणि भुतांचं मेज, दोन्हीकडे जेवता येत नाही. पण बाजारात जे विकलं जातं ते विवेकबुद्धीसाठी चौकशी न करता खा. शेजाऱ्याने जेवायला बोलावलं तर जा, पुढे येईल ते खा. मात्र तिथे कुणी सांगितलं की हा नैवेद्य आहे, तर खाऊ नका, आणि तेही स्वतःसाठी नव्हे, सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी.

म्हणजे मांस तेच, पण तीन ठिकाणी तीन उत्तरं. दानीएलाचंही तसंच. बाबेलात त्याला बेलटशस्सर हे नाव देतात, ते तो निमूट चालवून घेतो. राजाच्या ताटातलं अन्न मात्र नाकारतो. मला विचारलं असतं तर मी उलट केलं असतं! रेष कुठे ओढायची हे प्रत्येकाला प्रार्थनेत शोधावं लागतं, आणि ती दुसऱ्याला विचित्र वाटू शकते.

बाबांच्या दृष्टीने नंदीची पूजा म्हणजे देवळातली पंगत होती. नुकतंच सोडून आलेल्या माणसाला तिथे परत उभं राहणं जमणार नव्हतं. आज मला ते कळतं. तेव्हा कळलं नाही.

संध्याकाळी शेजारच्या मैत्रिणीची आई ताट घेऊन आली. करंज्या आणि एक रुपयाचं नाणं. "पोरगी आली नाही म्हणून बोजारा घेऊन आली," म्हणाली. आई बाबांकडे पाहू लागली. बाबांनी उठून ताट दोन्ही हातांनी घेतलं, बाईंना बसायला सांगितलं, चहा ठेवायला लावला. करंजी पूजेतली का, असं काही विचारलं नाही. पौलाचं ते वाक्य त्यांनी तेव्हा वाचलेलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

पण मला करंजी गिळेना. मी रडत रडत सकाळचं सांगून टाकलं. बुढीचं नाव, आरोळी, सगळं.

बाबा बराच वेळ गप्प बसले. नंदीवरून ओरडले नव्हते, आताही ओरडले नाहीत. पण चेहरा असा झाला की मला आजही आठवतो. मग त्यांनी त्या करंज्या डब्यात भरल्या, माझा हात धरला आणि मला बुढीच्या घरी घेऊन गेले. दोघं ओट्यावर बसले. मी डबा पुढे केला. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण शब्द फुटला नाही. बुढीने डबा घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझा नंदी कुठं आहे वो? आणला नाही?" आणि आत जाऊन मूठभर फुटाणे आणून माझ्या हातावर ठेवले. तिच्या दारी त्या दिवशी एकही मूल आलं नव्हतं.

मार्क सातव्या अध्यायात प्रभू येशू लोकसमुदायाला जवळ बोलावून सांगतो की बाहेरून आत जाणारं माणसाला भ्रष्ट करत नाही, आतून बाहेर निघणारं करतं. हे वचन मी वाचते तेव्हा मला माळ्यावरचा नंदी आठवत नाही. माझी सकाळची आरोळी आठवते.

आता मारबतीबद्दल थोडं. वाईट गोष्ट गावाबाहेर नेऊन टाकावी ही इच्छा आपल्यालाही परकी नाही. लेवीय सोळावा अध्याय काढून बघा. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे असतात. त्यातल्या एकाच्या डोक्यावर अहरोन दोन्ही हात ठेवतो आणि मग त्याला रानात सोडून देतात. पण सोडण्याआधी एक गोष्ट होते. अहरोन इस्राएलाची सगळी पापं मोठ्याने कबूल करतो. शेजाऱ्याची नव्हे, त्या अमक्या म्हातारीची नव्हे, आपली. कबुली गाळून नुसतं बाहेर टाकणं उरलं की माणसं पुतळ्यावर थांबत नाहीत, जिवंत माणूस शोधतात. इब्री १३ मध्ये लिहिलं आहे की येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं, आणि आपणही छावणीबाहेर त्याच्याकडे जावं. बाहेर काढलेल्यांच्या रांगेत तो स्वतः जाऊन उभा राहिला. वेशीच्या आत उभे राहून ओरडणाऱ्यांमध्ये मी होते.

आणि हे फक्त खेड्यातल्या लोकांचं आहे असं शहरातल्या मित्रांनी समजू नये. १६९२ साली अमेरिकेतल्या सेलम गावी चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिली गेली. ते आरोप करणारे आणि न्यायाला बसलेले आपल्यासारखेच बायबल वाचणारे, उपासनेला जाणारे लोक होते. आज त्याच देशात चेटकिणीची टोपी प्लास्टिकमध्ये मिळते आणि तिथून ती आपल्या ऑनलाइन दुकानात येते. आपल्या महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला त्याच वर्षी. अमकी व्यक्ती करणी करते असं जाहीर करणं हा आता गुन्हा आहे.

म्हणून मी भावाला आधी एवढंच विचारलं, "बाळ काय होऊन जाणार आहे?" तो म्हणाला, त्याच्या मित्रांचं ठरलंय, सगळे म्हाताऱ्या चेटकिणी होणार, वाकडं नाक, पांढरे केस, हातात झाडू. म्हटलं, बाकी तुम्ही दोघं ठरवा, पण ते नाक त्याच्या तोंडावर चढवू नकोस. त्याला बुढीची गोष्ट सांग. सहा वर्षांच्या मुलाला कळते ती.

हॅलोविन मुळात सैतानाचं की आपलं, यावर मी फार वेळ घालवणार नाही. नाव तर सरळ आहे, सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस, २ नोव्हेंबरला मृतांचं स्मरण. आपले कॅथलिक बंधुभगिनी तेव्हा कबरींवर मेणबत्त्या लावतात. आयर्लंडकडच्या जुन्या लोकांच्या हिवाळ्याच्या चालीरीती त्यात मिसळल्या. प्रॉटेस्टंटांना तर ३१ ऑक्टोबर म्हटलं की १५१७ सालचा ल्यूथर आणि त्याचे ९५ मुद्दे आठवतात. पण उगम शोधून प्रश्न सुटत नाही. नाहीतर आठवड्यातल्या वारांची नावंही बदलावी लागतील. काही मंडळ्या त्याच रात्री वेगळ्या नावाने कार्यक्रम ठेवतात. चॉकलेटं तीच, फक्त वेष्टन वेगळं. मला थोडं हसू येतं, पण मुलं आनंदात असतात तर असू दे.

आपल्याच मराठी मंडळीत याहून चांगलं उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात असताना एका मिशनऱ्याने त्यांना बायबल दिलं. त्याच मार्गावर आमचं गोंदिया लागतं, म्हणून मला ती गोष्ट फार जवळची वाटते. १८९५ मध्ये त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांनी आपलं सगळं जुनं फेकून दिलं का? नाही. भजन, अभंग, कीर्तन त्यांनी उचललं आणि प्रभूच्या पायाशी ठेवलं. उपासना कुणाची हे मात्र त्यांनी कधी धूसर होऊ दिलं नाही.

भावाची खरी अडचण वेगळी होती, ती शेवटी निघाली. "ताई, माझं मन स्वच्छ आहे. हिचं नाही. ही म्हणते मी रात्रभर झोपू शकणार नाही. सोसायटीत आम्ही वेडे ठरू." त्याच्या आवाजात जरा त्रास होता. बायको मागासलेली आहे असं त्याला म्हणायचं होतं, पण म्हणाला नाही.

मी त्याला रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय वाचायला सांगितला. संशय असताना केलेली गोष्ट पाप ठरते, असं पौल तिथे म्हणतो. म्हणजे तिच्यासाठी ते खरोखर चुकीचंच आहे. आणि तुला मोकळीक आहे, तर ती सोडायचीही मोकळीक तुलाच आहे. तिला सोडता येणार नाही, तुला येईल. तिला संकुचित म्हणू नकोस, तिनेही तुला कोमट म्हणू नये. अशा वेळी मला आजी आणि बाबा आठवतात. दोघांनी तो नंदी शेवटपर्यंत माळ्यावरच ठेवला. आजीने तो खाली काढला नाही, बाबांनी फेकला नाही.

काल सकाळी त्याचा मेसेज आला. बाळ जाणार नाही. पण सोसायटीतली मुलं दारावर येतील तेव्हा दिवा लावून दार उघडं ठेवायचं आणि सगळ्यांना खाऊ द्यायचा, असं वहिनीनेच सुचवलं आहे. बाळाला वाटपाचं काम दिलंय. तो अजून फुगलेलाच आहे.

आईला मी हे वाचून दाखवलं. तिने विचारलं, "किती पोरं आहेत तिथं?" म्हटलं, साठ-सत्तर असतील. "मग एक पाकीट पुरणार नाही म्हणावं. आणि खालच्या वॉचमनची लेकरं असतील, त्यांनाही वर बोलव म्हणावं. त्यांच्या दारी कोण जाते बोजारा घेऊन?"

उद्याचे वाचन: रोम १४:१-१३