कवेलूची साल

बुरहानपुरात घरोघरी ॲसिडची बाटली असते, कारण आमचं पाणी जड. कुंडी भंडाऱ्याच्या भुयारात उतरलात तर भिंतींवर चुन्याचे थर चढलेले दिसतील. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास बांधलेल्या त्या जलव्यवस्थेच्या झऱ्यांची तोंडंही या थरांनी बुजत चालली आहेत. तोच चुना आमच्या बादल्यांवर, तोट्यांवर, न्हाणीच्या फरशीवर बसतो. ॲसिड टाकलं की फसफसतं आणि सगळं लख्ख होतं. त्यामुळे ॲसिडावर आमचा विश्वास फार. तोच विश्वास एका वर्षी छपरावर चढला.

घर आमचं एकत्र. पुढच्या भागावर मंगलोरी कौलं, मागच्या जुन्या खणांवर देशी नळीची कवेलू. उत्तरेच्या उतारावर शेजारच्या निंबाची सावली. श्रावणात तो उतार हिरवागार व्हायचा आणि पाहुण्यांना तो फार आवडायचा. थोरल्या चुलतभावाने मात्र तो साफ करायला एका कारागिराला बोलावलं. ‘छत नवं करून देतो’ एवढंच त्याचं बोलणं. त्याने पाण्यात ॲसिड मिसळून शिंपडलं, तारेच्या ब्रशने घासलं आणि पाइप लावून धुतलं. संध्याकाळी कौलं भट्टीतून काढल्यासारखी लाल दिसत होती. गल्लीतल्या दोघांनी त्याचा नंबरही घेतला.

पुढच्या आषाढात आढ्याखाली पाणी उतरलं. आढ्यावरची टोपीची कौलं चुन्यात बसवलेली होती. ॲसिडाने तो चुनाच खाल्ला होता. पत्र्याच्या पन्हळीला गंजाची भोकं पडली. आणि श्रावणात शेवाळ आलं ते पूर्वीपेक्षा दाट, शिवाय दक्षिणेच्या उतारावरही. छपराची दुरुस्ती करायला आलेल्या म्हाताऱ्या मामांनी एक कौल हातात घेतलं, त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, “भाऊ, याची साल काढली तुम्ही. आता हे पाणी पिणारच.”

मामा म्हणाले ते अगदी खरं आहे. कौल भट्टीत भाजलं जातं तेव्हा त्याचा वरचा थर आतल्या मातीपेक्षा घट्ट होतो. तारेच्या ब्रशने तो ओरबाडला की खालची सच्छिद्र माती उघडी पडते. ती पाणी धरते, धूळ धरते, आणि शेवाळाला हवं तेवढंच असतं. शेवाळाला खरी मुळं नसतात, नुसते धाग्यांसारखे धरून ठेवणारे तंतू असतात. ओल आणि बसायला खरखरीत जागा मिळाली की त्याचं भागतं. आमच्याकडे मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, तेव्हा ते काळं पडून कुरकुरीत होतं आणि आपल्याला वाटतं मेलं. पहिल्या पावसात बघा, काही तासांत पुन्हा हिरवं!

मोबाइलवर छत धुण्याचे जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक थंड देशांतले. तिथे शेवाळातलं पाणी गोठून फुगतं आणि कौल तडकतं, म्हणून त्यांची घाई. आपल्याकडे कौल असं फुटत नाही. आपलं नुकसान खाली होतं. शेवाळाची गादी दोन कौलांच्या जोडात शिरते, उतरणारं पाणी अडतं, ते मागे सरकून रिपांवर झिरपतं. रिपा ओल्या, मग वासे ओले, मग वाळवी. वर साचलेल्या धुळीत पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडलं की पुढचं सांगायला नको. यंत्रमागांच्या वस्तीत सुताची कुसही छपरांवर बसते आणि धुळीबरोबर ओली राहते. आमच्या गल्लीत शेवाळाची सुरुवात मला बहुधा तिथूनच दिसते.

मग काढायचं कसं? घाई न करता. पाऊस संपून कौलं आठ-पंधरा दिवस उन्हात तापू द्यावीत. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे ती वेळ येते. तेव्हा शेवाळाचे पापुद्रे सुटायला लागलेले असतात. लाकडी उलथन्याने गादी उचलावी, मग काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने आढ्याकडून वळचणीकडे झाडावं. उलटं घासलं तर कचरा जोडात कोंबला जातो. पन्हळीचं तोंड आधी फडक्याने बंद करावं, नाहीतर सगळं तिथेच जाऊन बसतं. कौलांवर थेट पाय देऊ नये. शिडी उतारावर आडवी टाकून तिच्यावर बसावं, कमरेला दोर असावा. कवेलू उचलताना हात आत घालण्याआधी काठीने हलवून बघा. आमच्याकडे त्याखाली विंचू हमखास असतात.

एवढ्याने बहुतेक काम होतं. राहिलेले काळे डाग निव्वळ दिसण्याचे असतात, ते राहू द्यावेत. फारच चिवट जागा असेल तर पुरातत्त्व विभागाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे: दगडी वास्तूंवरचं शेवाळ काढायला त्यांचे रसायनज्ञ अमोनियाचं अगदी पातळ द्रावण, सौम्य साबण आणि मऊ ब्रश वापरत आले आहेत. यात ॲसिड नाही. अमोनिया वापरायचा तर ब्लीचिंग पावडर त्या छपराच्या जवळही येऊ देऊ नका. दोन्ही मिळून विषारी वायू सुटतो, आणि ॲसिड व ब्लीचिंग एकत्र आलं तर क्लोरीन. मोरचुदाचं पाणी शेवाळ मारतं, पण ते पत्र्याची पन्हळ खातं आणि विहिरीत उतरलं तर माशांना विष ठरतं. छपराचं पाणी टाकीत साठवणाऱ्यांनी तर त्याचं नावही काढू नये.

रंगाबद्दल मला राग आहे. ओल्या कौलावर प्लास्टिकसारखा चकचकीत रंग मारला की आतली ओल कोंडते आणि एक-दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. त्या पापुद्र्याखाली शेवाळ सुखात राहतं. काही लावायचंच असेल तर कौलाला श्वास घेऊ देणारं पाणीरोधक लावावं, तेही पूर्ण वाळल्यावर.

पुन्हा येऊ नये म्हणून सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे फांदी. शेजाऱ्याशी गोड बोलून ती छाटून घ्या, वारा आणि ऊन उतारावर पोचू द्या. मृगाच्या आधी पाला झाडा, दोन उतार मिळतात तिथली पन्हळ मोकळी करा आणि फुटकी कौलं बदला. नवं कौल घेताना बोटाने वाजवून घ्या. खणखणीत वाजलं तर भट्टी पक्की. भद्द वाजलं तर परत करा.

हे सगळं मातीच्या कौलांपुरतं. मागांच्या शेडवर जुने सिमेंटचे नालीदार पत्रे असतात, त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्यांच्यावरचं शेवाळ घासलं की बारीक तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. शिवाय जुना पत्रा माणसाच्या वजनाने अचानक तुटतो. तिथे कोणी ब्रश घेऊन चढताना दिसला तर त्याला हाक मारा आणि शिडीवरूनच खाली उतरवा.