टॅपेट गार इंजिनावरच

टॅपेटचा आवाज बंद झाला म्हणजे काम चांगलं झालं, असं आपण धरून चालतो. फसगत तिथंच होते.

माझी शंभर सीसीची गाडी पाथर्डी-नगर रस्त्यावर करंजीचा घाट चढते-उतरते. हेडमधून टकटक यायला लागली म्हणून वाटेतल्या एका गॅरेजवर लावली. घाटातून आलेलं इंजिन, हात लावला तर चटका बसेल इतकं तापलेलं. मिस्त्रीने लगेच झाकणं खोलली, गॅप मोजायची फिलर गेजची पट्टी न घालता नुसत्या कानाच्या अंदाजाने स्क्रू आवळले. टकटक गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी किकला जोरच लागेना, पाय नुसता खाली जायचा. कशीबशी चालू झाली तर स्लोला टिकेना, चढाला ओढेना, सायलेन्सरमधून फटफट. दुसऱ्या मिस्त्रीने गार इंजिन उघडलं तेव्हा एक्झॉस्टच्या टॅपेटला गॅपच नव्हता.

एक्झॉस्ट व्हॉल्व आपली उष्णता सीटला टेकून हेडला देतो. गॅप नसल्यामुळे तो सीटवर नीट बसला नाही तर त्याची कडा जळते, आणि मग हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. सैल टॅपेट निदान ओरडून सांगतं. टाइट टॅपेट गप्प बसून व्हॉल्व खातं.

कंपनीने दिलेला गॅप मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असतो आणि तो गार इंजिनाचा असतो. तापल्यावर हेडचं ॲल्युमिनियम आणि व्हॉल्वचं पोलाद सारखं वाढत नाही, त्यामुळे गरम इंजिनावर घेतलेलं माप जुळत नाही. होंडाच्या मॅन्युअलमध्ये गार म्हणजे ३५ अंशांच्या खाली. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची हवाच चाळिशीला टेकते! तेव्हा गाडी आदल्या रात्रीच गॅरेजवर सोडा आणि सकाळी पहिलं काम तुमचं करायला सांगा.

मिस्त्री गेज का टाळतात? नगरच्या कायनेटिकची ल्यूना १९७२ सालची. टू-स्ट्रोक, तिला व्हॉल्वच नाहीत. आमच्याकडच्या कित्येक जुन्या मिस्त्र्यांचा हात असल्या इंजिनांवर बसला, म्हणून गेजची सवय नसावी, असा माझा आपला अंदाज.

काम चालू असताना शेजारी उभे राहा. मॅग्नेटची टी खूण जुळल्यावर दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर पिस्टन बहुधा चुकीच्या स्ट्रोकला आहे. मॅग्नेट अजून एक पूर्ण फेरा फिरवायचा. गेजची पट्टी जराशी अडकत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू धरून ठेवावा लागतो, नाहीतर तोही सोबत फिरतो. म्हणून नट आवळल्यावर पट्टी पुन्हा घालायला लावा. मिस्त्री कुरकुर करेल, करू द्या.