जुनी जीप घेताना इंजिन कोणते निवडावे?

पुणे जिल्ह्यातील मावळ, मुळशी, भोर, पुरंदर या तालुक्यांत डांबरी सडक संपल्यावरही शेतापर्यंतचा एक-दोन किलोमीटरचा रस्ता कच्चाच असतो. पावसाळ्यात तेथे साधी गाडी रुतते. नवीन चारचाकी ओढीची गाडी परवडत नाही, म्हणून अनेक शेतकरी बंधू जुन्या जीपचा विचार करतात. जुन्या जीपला पुण्यात गिऱ्हाईक भरपूर आहे. नाना पेठेत सुटे भाग मिळतात आणि जुन्या बाजारातही शोधले तर काही हाती लागते. परंतु बहुतेक खरेदीदार रंग, टायर व हूड पाहून सौदा करतात, आणि इंजिनाचा प्रश्न नंतर गॅरेजमध्ये निघतो. प्रस्तुत लेखात पेट्रोल व डिझेल इंजिनांतील फरक, कोणत्या कामास कोणते इंजिन योग्य आणि खरेदीपूर्वी काय तपासावे, याची माहिती दिली आहे.

बाजारात मिळणारी इंजिने

महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीप मुंबईत जोडण्यास सुरुवात केली. त्यामुळे आपल्याकडील जुन्या जीप बहुतांशी याच घराण्यातील आहेत. त्यांत पुढील इंजिने आढळतात.

१) हरिकेन पेट्रोल इंजिन : उंच बॉनेटच्या सीजे-३बी जीपमध्ये हे चार सिलिंडरचे, सुमारे २२०० सीसीचे इंजिन असते. यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, तर धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये असतात. या रचनेमुळे इंजिन उंच झाले आणि त्याला झाकण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले.

२) ट्रॅक्टर घराण्यातील डिझेल इंजिन : १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या सहभागाने आपल्याकडे बी-२७५ ट्रॅक्टर तयार होऊ लागला. पुढे त्याच घराण्यातील डिझेल इंजिन जीपलाही बसविण्यात आले. नंतरच्या 'डीआय' इंजिनांत डिझेल सरळ पिस्टनच्या डोक्यावर फवारले जाते. ही इंजिने आवाज जास्त करतात, पण कमी फेऱ्यांवर चांगली ओढतात.

३) प्यूजो डिझेल इंजिन : एमएम ५४० व तत्सम जीपमध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या रचनेचे २११२ सीसीचे इंजिन आढळते. नावातील 'डीपी' ही अक्षरे त्याचीच खूण आहेत. यात डिझेल आधी हेडमधील लहान कप्प्यात पेटते. त्यामुळे आवाज कमी होतो, परंतु थंड इंजिन सुरू करण्यास हीटर प्लग चांगले असावे लागतात.

४) सैन्याकडून लिलावात निघालेल्या गाड्या : जबलपूर येथे १९६९ ते १९९९ या काळात तयार झालेली जोंगा अशा विक्रीत दिसते. तिचे मूळ इंजिन सहा सिलिंडरचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन आहे. ताकद भरपूर, पण पेट्रोलही तितकेच लागते. रोजच्या शेतीकामास ती परवडणारी नाही.

पेट्रोल इंजिनाचे गुणदोष

पेट्रोल इंजिन हलके व सुटसुटीत असते. कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि प्लग एवढे समजले की निम्मे दोष जागेवरच काढता येतात. डिझेलच्या पंपाप्रमाणे कामासाठी ते शहरात पाठवावे लागत नाही. थंडीत ते लवकर सुरू होते आणि हादरे कमी असल्याने चेसिसवर ताण कमी पडतो.

दोषही तीन आहेत. पहिला, इंधन जास्त लागते. दुसरा, ओढ्याचे पाणी डिस्ट्रिब्युटर व प्लगच्या तारांवर उडाले की गाडी मध्येच बंद पडते. डिझेल इंजिनास ठिणगी लागत नसल्याने हा त्रास नाही. तिसरा दोष अलीकडचा आहे. आता पंपांवर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. हे इथेनॉल काही अंशी आपल्याच उसापासून तयार होते, पण १९६० किंवा १९७० च्या दशकातील रबरी नळ्या व पेट्रोल पंपाचा पडदा त्यासाठी बनविलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात आणि गळू लागतात. सीजे-३बीची टाकी चालकाच्या आसनाखाली असते, हे लक्षात घेता गळती म्हणजे आगीचा धोका होय. म्हणून अशी जीप घेतल्यावर सर्व नळ्या, पडदा व कार्बुरेटरची पॅकिंग इथेनॉल सहन करणाऱ्या प्रकारची बसवून घ्यावीत. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असल्यास जुने पेट्रोल टाकीत साठवू नये. इथेनॉल ओलावा ओढून घेते, पाणी तळाशी बसते आणि टाकी आतून गंजते.

डिझेल इंजिनाचे गुणदोष

विहिरीवर डिझेल पंप चालविलेल्या शेतकऱ्यास डिझेल इंजिनाचा स्वभाव ठाऊकच असतो : फेऱ्या कमी, ओढ जास्त आणि भार पडला तरी दम न सोडणे. पुरंदरचा माल पुण्यास येताना उतार असतो, पण खते व पेंड घेऊन परतताना दिवे घाट चढावा लागतो. अशा कामात डिझेलचा उपयोग कळतो.

मात्र त्याची दुरुस्ती जड आहे. इंधन पंप व नोझल यांचे काम साध्या गॅरेजमध्ये होत नाही. ते पंपाच्या खास कारखान्यात, मोजमाप करणाऱ्या यंत्रावरच करावे लागते. इंजिन वजनदार असल्याने पुढचे पाटे दबतात. हादऱ्यांनी माउंटिंगचे रबर व चेसिसचे कंस सैल होतात. पाणी कमी असताना गाडी दामटल्यास हेड गॅसकेट जाते आणि प्रसंगी हेडही वाकते.

वर्षाचा हिशेब मांडावा

'डिझेल स्वस्त पडते' हे वाक्य पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही. पेट्रोलचे दर २०१० साली आणि डिझेलचे दर २०१४ साली सरकारी बंधनातून मुक्त झाले आणि दोन्हींतील अंतर घटले. आता बचत होते ती मुख्यतः डिझेल कमी लागते म्हणून. उदाहरणासाठी पेट्रोल जीप लिटरला ७ किलोमीटर व डिझेल जीप ११ किलोमीटर जाते असे धरू. पेट्रोल १०४ रुपये व डिझेल ९० रुपये लिटर धरल्यास १०० किलोमीटरला पेट्रोलचे सुमारे १,४८६ व डिझेलचे सुमारे ८१८ रुपये होतात. फरक सुमारे ६६८ रुपयांचा.

* महिन्यास ५० किलोमीटर, म्हणजे वर्षास ६०० किलोमीटर धावल्यास बचत सुमारे ४,००० रुपये.
* महिन्यास ३०० किलोमीटर, म्हणजे वर्षास ३,६०० किलोमीटर धावल्यास बचत सुमारे २४,००० रुपये.

पहिल्या उदाहरणात पंप व नोझलचे एकच मोठे काम निघाले, तर काही वर्षांची बचत त्यात जाऊ शकते. दुसऱ्या उदाहरणात डिझेल निश्चित फायद्याचे आहे. प्रत्येकाने आपले किलोमीटर व आपल्या गावचा दर घालून हा हिशेब करावा.

इंजिन बदललेली जीप

जुन्या बाजारातील अनेक पेट्रोल जीपना मालकांनी पुढे डिझेल इंजिन बसविलेले असते. विक्रेता हा गुण म्हणून सांगतो, परंतु येथे विशेष सावध राहावे.

पहिली बाब तांत्रिक आहे. जुन्या विलीज वळणाच्या जीपच्या क्राउन-पिनियनला ४३ व ८ दात असतात, म्हणजे प्रमाण ५.३८ येते. टायरच्या एका फेऱ्यात गाडी साधारण २.२ मीटर जाते. टॉप गिअरमध्ये पेट्रोल इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल तर वेग ताशी सुमारे ७३ किलोमीटर येतो. त्याच गाडीत २,२०० फेऱ्यांवर चालणारे डिझेल इंजिन बसविले, तर वेग ताशी ५४ किलोमीटरच राहतो. चालक ॲक्सिलरेटर दाबत राहतो, इंजिन कायम ओरडत राहते व लवकर झिजते. म्हणून इंजिनाबरोबर गिअरबॉक्स व क्राउन-पिनियनही बदलले आहेत काय, हे विचारावे.

दुसरी बाब कायद्याची आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय गाडीत असा बदल करता येत नाही. आरसी बुकात 'पेट्रोल' आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर पासिंगच्या नूतनीकरणात अडचण येते आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकू शकतो. इंजिन नंबर, चेसिस नंबर व इंधनाचा प्रकार तिन्ही बाबी स्वतः वाचून पुस्तकाशी ताडून पाहाव्यात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पंधरा वर्षांवरील गाड्यांना महाराष्ट्रात पर्यावरण करही आहे. हा खर्च सौद्यात धरावा.

येथे आणखी एक सूचना. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. अशा गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. ती प्रदर्शन, रॅली यांसारख्या प्रसंगी चालविता येते, नेहमीच्या वापरास व व्यवसायास मनाई आहे. दुर्मिळ म्हणून अशी गाडी घेतली, तर तिच्यातून बाजारात भाजी नेता येणार नाही.

खरेदीपूर्वी तपासणी

१) इंजिन थंड असताना जावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवले असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.
२) धूर पाहावा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल खाते. सतत काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते, किंवा डिझेलमध्ये नोझल अथवा पंप बिघडला आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर हेडमधून पाणी जात असण्याचा किंवा डिझेल नीट न पेटण्याचा संभव असतो.
३) चालू इंजिनाचे ऑईल भरण्याचे झाकण उघडावे. तेथून जोराने भपकारे येत असल्यास रिंग-पिस्टन झिजले आहेत.
४) इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटर उघडावा. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑईलच्या दांडीवर दुधाळ थर दिसल्यास सौदा थांबवावा.
५) चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एखादा आकडा इतरांपेक्षा बराच कमी असल्यास इंजिन बांधण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.
६) माल भरून एक चढ चढून पाहावा व इंजिन तापते काय याकडे लक्ष द्यावे.

सारांश

महिन्यातून चार-सहा फेऱ्या, हलका माल आणि घरच्या घरी दुरुस्ती करण्याची हौस असेल, तर मूळ इंजिनाची पेट्रोल जीप चालेल. रोजचे काम, घाट व ओझे असेल, तर कंपनीतूनच डिझेल इंजिन बसवून आलेली जीप घ्यावी. ओढीसाठी 'डीआय' आणि रस्त्यावरील धाव जास्त असल्यास प्यूजो. इंजिन बदललेली जीप कितीही स्वस्त मिळाली, तरी बदलाची नोंद आरसी बुकात झालेली नसेल, तर इसारसुद्धा देऊ नये.