शंभर पटींनी परत देणारा देव?

प्रश्न : यूट्यूबवर अमेरिकेतले काही ख्रिस्ती प्रचारक दिसतात. आमच्या कार्याला पैसे पाठवा, देव शंभर पटींनी परत देईल, असं ते उघड सांगतात. ख्रिस्ती लोकांना हे चालतं का? त्यांच्यातलं कुणी काही बोलत नाही?

उत्तर : बोलतात की! बाहेरच्यांपेक्षा कडक बोलतात. विशेष म्हणजे टीकेची सुरुवातीची धार आली ती पेंटेकोस्टल मंडळ्यांतूनच, म्हणजे जिथे हे प्रचारक वाढले त्याच घरातून. ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ या पंथाने १९८० मध्येच अधिकृत निवेदन काढून, तोंडाने म्हटलं की आरोग्य आणि पैसा मिळतोच, या शिकवणीपासून अंतर राखलं. त्याच पंथातले बायबल-अभ्यासक गॉर्डन फी यांनी तर तिला सरळ रोग म्हटलं.

फी यांचा एक मुद्दा मला फार आवडतो. प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांना १९४७ मध्ये योहानाच्या तिसऱ्या पत्रातलं दुसरं वचन सापडलं आणि त्यांच्या कार्याची दिशाच बदलली. तुझं सर्व बाबतींत बरं चालावं, प्रकृती चांगली असावी, अशा अर्थाचं ते वचन आहे. फी म्हणतात, अहो, ही त्या काळच्या पत्रांतली मायन्याची रीत! आपण ‘सर्व कुशल असाल अशी आशा आहे’ लिहितो, तसंच. त्यावर धनलाभाचा सिद्धान्त कसा उभा करणार? पुढे याच रॉबर्ट्स यांनी दानाला ‘बी पेरणं’ म्हणायची प्रथा रुजवली. १९८७ मध्ये तर ठरावीक मुदतीत ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला वर बोलावून घेईल, असं त्यांनी टीव्हीवर सांगितलं.

दान मागताना हमखास सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे मंदिराच्या पेटीत दोन नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेची. तिने जवळचं सगळं दिलं, तुम्हीही द्या! पण बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय उघडून पाहा. त्या गोष्टीच्या अगदी आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहायला सांगतो आणि लगेच ती विधवा येते. तिला काही परत मिळाल्याचं मार्क सांगत नाही. पुढच्या अध्यायाच्या सुरुवातीलाच ते मंदिर जमीनदोस्त होईल असं येशू म्हणतो. म्हणून काही अभ्यासकांना यात कौतुकापेक्षा हळहळ जास्त ऐकू येते. मलाही तसंच वाटतं.

विमानं आणि बंगले यांवर हसणं सोपं आहे. २०१८ मध्ये प्रचारक जेसी डुप्लँटिस यांनी सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरच्या जेटसाठी अनुयायांना साकडं घातलं आणि येशू आज असता तर गाढवावरून हिंडला नसता, असंही सांगून टाकलं. पण जाणत्या टीकाकारांचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. श्रद्धेने पैसा आणि आरोग्य मिळतंच, असं एकदा ठरलं की आजारी आणि कर्जबाजारी माणसाची श्रद्धाच कमी, असा अर्थ निघतो. म्हणजे पैसेही त्याचे गेले आणि दोषही त्याच्याच माथी. मग बायबलमधल्या, निष्ठावान असूनही सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचं काय करायचं? किंवा तीनदा प्रार्थना करूनही ज्याच्या देहातला काटा निघाला नाही, त्या पौलाचं? इतिहासकार केट बोलर यांनी या चळवळीवर २०१३ मध्ये ग्रंथ लिहिला. दोन वर्षांनी, पस्तिशीत, त्यांना स्वतःलाच कर्करोगाचं निदान झालं आणि प्रत्येक दुःखामागे काहीतरी कारण असतंच, या समजुतीचा काच त्यांनी नंतर पुस्तकातून मांडला.

आतून फुटलेलेही आहेत. टीव्हीवरचे प्रचारक जिम बेकर यांना १९८९ मध्ये फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. तुरुंगात बायबल नीट वाचल्यावर आपली शिकवण चुकीची होती, असं त्यांनी पुढे लिहिलं. (मात्र २०२० मध्ये त्यांच्याच कार्यक्रमात चांदीचं द्रावण करोनावर चालेल असा सूर लागला आणि मिसुरी राज्याने खटला भरला, हेही खरं.) याच पठडीतले प्रचारक बेनी हिन यांचे पुतणे कोस्टी हिन यांनी काकांच्या शिकवणीविरुद्ध २०१९ मध्ये पुस्तक काढलं.

सरकार काही करत नाही का, असं तुम्ही विचाराल. सिनेटर चक ग्रासली यांनी २००७ मध्ये अशा सहा संस्थांकडे हिशेब मागितले. काहींनी दिले, काहींनी नीट दिलेच नाहीत. २०११ मध्ये चौकशी संपली, दंड कुणालाच झाला नाही. तिथल्या कायद्यानुसार चर्चला वार्षिक आर्थिक विवरणपत्र भरावं लागत नाही आणि यातल्या बऱ्याच संस्था कागदोपत्री चर्चच आहेत.