तापणारे एंजिन : जुन्या व्हॅनमधील एका दोषाचे निदान

मोटारीच्या एंजिनात जळणाऱ्या इंधनापासून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा साधारणपणे एक तृतीयांश भागच गाडी चालविण्याच्या कामी येतो. जवळजवळ तितकाच भाग धुराबरोबर बाहेर जातो, आणि उरलेला एंजिनाच्या धातूत शिरतो. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरातील वायूंचे तपमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अ‍ॅल्युमिनियम मात्र ६६० अंशांवरच वितळते. धातूत शिरलेली उष्णता सतत काढून घेतली नाही, तर सिलिंडरचे हेड वाकते, पिस्टन अडकतो आणि एंजिन निकामी होते.

उष्णतेचा मार्ग

उष्णता वाहून नेण्याचे काम पाणी करते. पंप ते सिलिंडरांभोवतीच्या पोकळीतून फिरवितो. तापलेले पाणी रबरी नळीने रेडिएटरमध्ये येते व तेथील बारीक नळ्यांतून जाताना आपली उष्णता वाऱ्याला देते. गाडी उभी असता हा वारा पंखा पुरवितो. वाटेत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. पाण्याचे तपमान सुमारे ८२ अंश होईपर्यंत ती मिटलेली राहते. रेडिएटरचे झाकणही साधे नसते. ते आतील दाब वातावरणापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.९ किलोग्रॅमने अधिक ठेवते. त्यामुळे पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ११८ अंशांवर उकळते.

म्हणूनच तापलेल्या एंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब एकाएकी कमी होताच आतील पाणी उसळून बाहेर येते आणि उघडणाऱ्याचे तोंड व हात भाजतात. एंजिन बंद करून ते हाताला सोसेल इतके निवेपर्यंत थांबावे. तापलेल्या धातूवर थंड पाणी ओतू नये, कारण त्याने तडा जाण्याचा संभव असतो.

निदान

पहिला प्रश्न पाण्याच्या पातळीचा. ती उतरली असेल तर गळती शोधावी. नळ्यांच्या सांध्यांवर किंवा पंपाखाली वाळलेल्या क्षारांचे डाग दिसतात. भारतात १९८४ ते २०१९ या काळात तयार झालेल्या मारुती व्हॅनसारख्या गाडीत एंजिन पुढील आसनांखाली असल्यामुळे हे डाग सहज नजरेस पडत नाहीत. आसन उचलूनच पाहावे लागते. बाहेर गळती नसूनही पाणी घटत असेल, धूर पांढरा येत असेल किंवा तेल दुधाळ झाले असेल, तर हेडखालील गॅस्केट फाटल्याचा संशय घ्यावा.

पातळी ठीक असेल, तर दुसरा प्रश्न विचारावा : एंजिन केव्हा तापते? गर्दीत उभे असता तापते आणि वेगाने जाताना निवते, तर दोष बहुधा पंख्यात असतो. पंखा पट्ट्यावर चालत असल्यास पट्टा सैल झाला आहे काय आणि विजेवर चालत असल्यास तो वेळेवर सुरू होतो काय, हे पाहावे. उलट, वेगात किंवा घाट चढताना तापत असेल, तर रेडिएटर तुंबलेला असण्याचा संभव अधिक. जड पाण्यातील क्षारांचे पुट नळ्यांत बसते. ते पाण्याची वाट अडविते, शिवाय उष्णतेचे दुर्वाहकही असते. एंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापले, पण रेडिएटर थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट मिटलेलाच राहिला आहे किंवा पंप पाणी फिरवीत नाही, असे समजावे. नुकतेच पाणी बदलले असेल, तर आत अडकलेली हवाही हाच परिणाम घडविते.

खोटा उपाय

थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा उपाय पुष्कळदा केला जातो. त्याने तुंबलेला रेडिएटर मोकळा होत नाही. एंजिन मात्र योग्य तपमानास उशिरा पोहोचते, इंधन अधिक जळते आणि झीज वाढते. लक्षण दडपले जाते, कारण तसेच राहते. सुटे भाग एकामागून एक बदलण्यापूर्वी पाण्याचा मार्ग क्रमाने तपासला, तर दोष सापडतो आणि खर्चही वाचतो. निरीक्षण, अनुमान आणि पडताळा हा विज्ञानाचा क्रम प्रयोगशाळेप्रमाणेच रस्त्याच्या कडेलाही उपयोगी पडतो.