पिकले केस आणि कायदा

मंडळी, गुन्हेगार म्हटला की डोळ्यांपुढे दांडगा जवान माणूस येतो. पण काही गुन्हे पिकल्या केसांच्या माणसांच्या हातूनही होतात. आणि तेही मायेपोटी!

घरातले आजोबा म्हणतात, “माझे डोळे मिटायच्या आत नातीच्या डोक्यावर अक्षता पडू द्या.” नात सोळा वर्षांची, शाळेत जाणारी. थोरल्यांचा शब्द कोण मोडणार? लग्न ठरते. आजोबांना वाटते, पुण्य केले. कायदा म्हणतो, हा गुन्हा आहे.

1929 साली शारदा कायदा झाला. त्यात लग्नाला मुलीचे वय 14 व मुलाचे 18 ठरले. 1978 साली ते 18 व 21 झाले. 2006 चा कायदा आणखी कडक आहे. बालविवाह ठरवणारा, लावणारा, त्याला हजर राहणारा, सारेच त्यात सापडतात. 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

“म्हाताऱ्याला कोण धरतो?” असे म्हणू नका. 7 वर्षांच्या आतल्या मुलाला कायदा गुन्हेगार धरत नाही. म्हातारपणाला अशी माफी नाही. साठीच्या पुढच्या माणसाला अशा गुन्ह्यात अटक करायला वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची परवानगी लागते, हे खरे. पण अटक टळली तरी खटला टळत नाही.

शिक्षेहून मोठे नुकसान नातीचे. तिची शाळा सुटते. कोवळ्या वयात बाळंतपण येते. त्यात तिच्या आणि बाळाच्या जिवाला धोका असतो.

आपल्या सोपाऱ्याजवळ भुईगावला 1956 साली सम्राट अशोकाच्या नवव्या लेखाचा शिलाखंड सापडला. त्या लेखात लग्नकार्यातल्या विधींचा उल्लेख आहे. अशोक म्हणतो, अशा विधींचे फळ थोडे. चांगली वागणूक हाच खरा विधी. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा शहाणपणा आपल्याच मातीत होता.

आजी-आजोबांनो, घरात तुमचा शब्द चालतो ना? मग तोच शब्द टाका, “पोरीला अठरा पुरी होऊ द्या.” जन्मदाखला मागा. त्यावरची तारीख स्वतः वाचा. कुठे बालविवाह होत असेल तर 1098 वर फोन करा.

प्रश्न
1. लग्नाला मुलीचे व मुलाचे वय किती पुरे हवे?
2. आजोबांची माया खरी होती. मग चुकले कुठे?
3. तुमच्या नातीची जन्मतारीख पाटीवर लिहा. तिला अठरा कधी पुरी होतील?